हात की चाक

जळगाव, ४ ऑगस्ट १९६९

गुडघा बरा शे. कोणी विचारलं नाही, पण सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढच्या पत्रात अर्धा कागद त्यात जायला नको. तुझी मोठी आई म्हणते तेल चोळा, शेजारचा म्हणतो मुंबईला दाखवा. मी म्हणतो गुडघा माझा शे, तुम्ही आपापले सांभाळा. फैजपूरची केळी ट्रकनं दिल्लीला नेता नेता क्लच दाबून झिजलेला गुडघा तो. तेलानं काय परत येणार?

आता तुझं कार्ड. लीलाधर, मी ते दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मला राग आला. आखाजीच्या मुहूर्तावर टॅक्सी घेतलीस, पेढे वाटलेस, तुझ्या आईनं बोनेटवर कुंकवानं साथिया काढला, आणि श्रावण लागायच्या आत मला विचारतोस की जुन्या अँबेसेडरला जळगावात काय भाव येईल. कारण काय, तर ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. दात दुखला म्हणून तू तोंड विकशील का?

आणि नुसतं 'थरथरतं' म्हणजे काय लिहिणं झालं? डॉक्टरला 'दुखतं' एवढीच तार करावी तसं. किती वेगाला थरथरतं? सरळ पळताना पण होतं, का फक्त ब्रेकला? गाडी एका बाजूला ओढते का? हे बठ्ठं लिही, एकही न सोडता. पुढचे टायर मागे टाकून बघ, मागचे पुढे. आणि एकदा दुसऱ्याला चालवू दे. तुमच्या स्टँडवर तो अभिमन शे ना, त्याच्या हातात गाडी दे, तू बाजूला बस आणि बघ.

भाव मी कोणाला विचारणार नाही. बाजारात माझी पत शे, ती असल्या कामाला नाही.

पितांबर


धुळे, ११ ऑगस्ट १९६९

ती. नाना यांना लीलाधरचा नमस्कार.

गुडघ्याचं विचारायचं राहून गेलं, चुकलो. आई रोज आठवण काढते.

तुम्ही विचारलं ते लिहितो. चाळीस मैलांच्या खाली काही जाणवत नाही. आग्रा रोडवर मालेगावकडून येताना रस्ता सरळ आहे, तिथे काटा पन्नासच्या पुढे जातो. अशा वेळी पुढे बैलगाडी आली आणि ब्रेक दाबला, की स्टिअरिंग डावी-उजवीकडे फडफडायला लागतं. हातात जिवंत कोंबडी धरावी तसं. ब्रेक सोडला की गप्प. नुसतं पळताना काही नाही. गाडी कुठल्या बाजूला ओढत नाही. टायर पुढचे मागे केले, फरक पडला नाही.

परवा मनमाड स्टेशनवरून एक कुटुंब घेऊन येत होतो. त्यांच्या सूनबाई पुढे बसल्या होत्या. लळिंगच्या अलीकडे मी ब्रेक दाबला तर त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दादा, तुम्हाला बरं नाहीये का? थांबायचं का जरा?" मी म्हटलं, रस्ता खराब आहे. रस्ता चांगला होता, नाना.

भाव मी उगाच विचारला नव्हता. इथले रिखबचंद शेट, किराण्याचे व्यापारी, त्यांना घरच्यांसाठी गाडी पाहिजे आहे. माझी गाडी त्यांनी बघितली आहे. घटस्थापनेला दारात उभी राहिली पाहिजे, एवढंच म्हणतात. शिवाय त्यांच्या गोडाऊनवर बसायला माणूस हवा आहे, ती जागा मला देतील. बसून काम आहे. हातांना काही नाही.

आई म्हणते गाडी विकू नको. पण आईला सगळं सांगता येत नाही.

अभिमनला सध्या वेळ नाही.

तुमचा
लीलाधर


जळगाव, १६ ऑगस्ट १९६९

अभिमनला वेळ नाही? तो माणूस दिवसभर स्टँडवर लिंबाखाली पत्ते खेळतो, असं तूच मागे लिहिलं होतंस. तेव्हा हसत लिहिलं होतंस. आता एकदम त्याला वेळ नाही?

बरं, ते असू दे. मी इथं बसून जेवढं कळतं तेवढं सांगतो. पुढच्या चाकाचं बेरिंग ढिलं झालं असणार. चाक जॅकवर उचल, वर-खाली धरून हलव, खडखड लागली तर बेरिंगच. त्याच वेळी स्टिअरिंगच्या दांड्यांचे सांधे बघून घे, म्हाताऱ्या माणसाच्या दातासारखे हलत असतील तर बदल. माझ्या ट्रकला असंच झालं होतं सेंधव्याच्या उतारावर. बेरिंग आवळलं, गप्प झाली.

आणि एक खरं सांग. तू ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवतोस का? नवे ड्रायवर तसं करतात, पाय पॅडलवर विसावा घेतो आणि आत ब्रेक भाजत राहतो. तू तसा नाहीस असं मला वाटायचं. पण तू गोडाऊनवर बसणारा माणूस आहेस असंही मला वाटत नव्हतं, तेव्हा माझ्या वाटण्याला काय धरायचं.

गोडाऊनवर बसून करशील काय? गुळाच्या ढेपीवरच्या माश्या हाकशील? तुझा बाप झुलाल माझ्यापेक्षा धाकटा, पण गाडीत माझ्यापेक्षा सरस होता. त्याचा पोरगा तू. गाडीत बसलास की तुझा चेहरा वेगळा असतो, ते मी आखाजीला बघितलं. ते गोडाऊनवर होणार नाही.

बेरिंग आवळ आणि लिही.

पितांबर


धुळे, २७ ऑगस्ट १९६९

ती. नाना यांना नमस्कार.

बेरिंग दोन्ही बाजूंची बघितली. उजवं थोडं ढिलं होतं, आवळलं. दांड्यांचे सांधे दोन बदलले. ब्रेकवर पाय ठेवून मी चालवत नाही, ते बाबांनीच मला लहानपणी शिकवलं होतं, पाय खाली जमिनीवर.

फरक काही नाही. उलट वाढलंय.

नाना, आता खरं लिहितो. दोन पत्रांत लिहिलं नाही ते. गाडीत काही बिघाड नाही. बिघाड माझ्या हातात आहे.

तुम्हाला बाबांचे हात आठवतात. मला त्यांचा चहा आठवतो. कप उचलला की बशीत सांडायचा, मग आई कप अर्धाच भरायला लागली, मग तेही सांडायचं. त्यांना ते सुरू झालं तेव्हा ते माझ्यापेक्षा फार मोठे नव्हते. मला ते लागलं, असं मला वाटतं. पन्नासच्या पुढे गेलो की ब्रेक दाबायची वेळ येणार म्हणून मी आधीच स्टिअरिंग घट्ट आवळतो, तरी ब्रेक दाबला की हात कापायला लागतात. त्या सूनबाईंनी स्टिअरिंगकडे बघितलंच नाही. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं.

अभिमनला वेळ आहे. मीच त्याला विचारलं नाही. त्याच्या हातात गाडी गप्प चालली, तर मग माझ्याकडे काय उरतं? आता निदान दोन्ही गोष्टी शक्य आहेत असं म्हणून मी रोज गाडी काढतो.

पण किती दिवस? मागे चार माणसं बसलेली असतात, त्यांच्यात कधी लेकरं असतात. माझ्या हातून काही झालं तर ती गाडी माझी असून उपयोग काय. म्हणून रिखबचंद शेटांना गाडी द्यायची आहे. ते बिचारे चांगले आहेत, पण मी त्यांना गाडी का विकतो हे सांगितलेलं नाही. आईलाही नाही. तुम्हाला सांगितलं.

रागावू नका.

लीलाधर


जळगाव, ३० ऑगस्ट १९६९

पत्र आत्ता आलं, आत्ताच लिहितो, ताट वाढलेलं शे ते राहू दे.

रागावलो. पण ते नंतर.

झुलालच्या हातांचं तू काय बघितलंस? तू तेव्हा शाळेत जात होतास, तू चहा बघितलास. मी त्याच्याबरोबर एका ओट्यावर बसायचो. ऐक. त्याचा हात कामाला लागला की कमी हलायचा. मांडीवर रिकामा ठेवला की हलायचा. आधी उजव्या हाताचा अंगठा, बिडी वळावी तसा, बोटावर फिरत राहायचा. त्याला स्वतःला कळायचं पण नाही. मी त्याला म्हणायचो, अरे काय मोजतोस? आणि स्टिअरिंग धरलं की बराच गप्प. शेवटच्या वर्षी डॉक्टरनं गाडी बंद करायला सांगितली तेव्हा तो रडला होता, म्हणाला, दादा, मी धरतो तेव्हाच तर हात माझं ऐकतात.

तुझं बरोबर उलटं शे. रिकामे हात ठीक, नाहीतर तू लिहिलंच असतंस, आणि स्टिअरिंगवर थरथर, तीही फक्त ब्रेकला, तीही फक्त पन्नासच्या वर. तुझ्या हातांना मैल कसे कळतात रे? त्यांना काटा दिसतो का?

मी डॉक्टर नाही. पण गाडीला मी ओळखतो, तेव्हा मी विचारतो त्याची उत्तरं दे. पहिलं, ब्रेक दाबलास की पॅडल तुझ्या पायाला खालून ठोकतं का? ठक ठक, बुटाखाली कोणी बोटानं वाजवावं तसं. तू हातांत इतका अडकलास की पायाकडे लक्षच दिलं नसशील. पॅडलला काही तुझ्या बापाचा आजार झालेला नाही.

दुसरं, ब्रेक दाबून ठेव, गाडी हळू हळू होऊ दे, मधे सोडू नको. थरथर गाडीबरोबर हळू होते का? पन्नासला भराभर, तीसला सावकाश, दहाला एक-एक? माणसाचा हात चाकाच्या तालावर कापत नाही. चाकाच्या तालावर हलतं ते चाकाशी बांधलेलंच काहीतरी असतं.

तिसरं, रस्ता मोकळा असताना पायाचा ब्रेक न दाबता हँडब्रेक हळू ओढ. तो फक्त मागच्या चाकांना धरतो. तेव्हा थरथर नाही आली तर दोष पुढच्या चाकांत.

चौथं तुला माहीतच शे. अभिमनला चालवू दे. त्याला काही सांगू नको, नुसतं म्हण, बघ कशी पळते. तू बाजूला बस, हात मांडीवर.

मला माहीत शे तू हे टाळशील. टाळू नको. घटस्थापनेपर्यंत वेळ शे, तोवर रिखबचंद शेटांना शब्द देऊ नको.

पितांबर


धुळे, ४ सप्टेंबर १९६९

ती. नाना,

पॅडल पायाला ठोकतं.

हे आधी लिहितो कारण दोन दिवस मी हेच स्वतःला सांगत फिरतोय. तुमचं पत्र वाचलं आणि त्याच दुपारी रिकामी गाडी घेऊन आग्रा रोडला गेलो. पंचावन्नला ब्रेक दाबला. स्टिअरिंग फडफडलं आणि बुटाखाली पॅडल ठक ठक ठक. इतके दिवस ते तिथेच होतं आणि मला कळलं नव्हतं. सोडलं नाही, दाबून ठेवलं. तुम्ही म्हणता तसंच. गाडी हळू झाली तशी ठकठक हळू झाली, शेवटी चालत्या माणसाच्या पावलासारखी, आणि गाडी थांबली तेव्हा थांबली. मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसून राहिलो. एक गुराखी आला आणि विचारलं, भाऊ, पेट्रोल सरलं का. मी म्हटलं, नाही, नुसता बसलोय.

हँडब्रेकला काही नाही. म्हणजे दोष पुढेच.

मग अभिमन. स्टँडवर जाऊन म्हटलं, चल, जरा गाडी बघ. तो पत्ते खाली ठेवायला तयार नव्हता, हातात चांगली पानं होती. शेवटी आला. मी बाजूला बसलो, हात मांडीवर. नाना, पंचावन्नला त्यानं ब्रेक दाबला तेव्हा माझे डोळे मिटलेले होते. तो ओरडला, "अरे लीलाधर, हाई गाडी शे का धान्याची चाळनी शे? तू असं रोज चालाडस?" मी डोळे उघडले तर त्याचे दोन्ही हात फडफडत होते. पत्ते खेळणारे जाड, काळे हात. मला इतकं हसू आलं की तो घाबरला. म्हणाला, "हसतोस काय, उतर खाली, पायी जाऊ आपण."

म्हणजे माझे हात नाहीत. निदान हे तरी माझ्या हातांचं नाही.

पण मग हे आहे काय? आणि आत्ताच का झालं? घेतली तेव्हा गाडी अशी नव्हती.

एक आहे, म्हसोबानं राखलं. आपल्या लळिंग घाटाच्या पायथ्याशी, धुळ्याकडून पहिल्या वळणावर, लिंबाखाली म्हसोबाचं ठाणं आहे. गाडी घेतली तेव्हा आईनं नवस बोलला होता, की पोऱ्या घाट सुखरूप उतरला की चाकांना पाणी घालेल. ती म्हणते, "पानी टाक बेटा, म्हसोबा गाडी संभाळस." तिथे हातपंप आहे. घाट उतरलो की थांबतो, पुढच्या दोन्ही चाकांना पाणी घालतो, हळद-कुंकू लावतो, मग गावात येतो. आधी तांब्याभर घालायचो. हे थरथरणं सुरू झाल्यापासून मी हातांसाठी नवस बोललो आणि बादली सुरू केली. एका चाकाला एक. पाणी पडलं की चाक कसं फुसफुसतं, वाफ निघते. आई म्हणते, ती पीडा निघते.

त्याचंच फळ असेल की तुम्ही मला पायाचं विचारलंत.

लीलाधर


जळगाव, ८ सप्टेंबर १९६९

वाफ निघते आणि तुला काही वाटलं नाही?

मी हे पत्र मोठ्या आईला वाचून दाखवलं, तीपण हसली आणि मग तिनं मला हसू नका म्हणून सांगितलं. म्हणून आता मी हसत नाही, लिहितो.

लळिंग घाट उतरताना तू ब्रेक धरत येतोस. चाकाच्या आत लोखंडाचा ड्रम असतो, गोल, डब्याच्या झाकणासारखा. ब्रेक दाबला की आतून दोन पट्टे त्याला घासतात आणि गाडी थांबते. घाटात ते घासून घासून ड्रम असा तापतो की बिडी टेकवली तर पेटेल. तुझी गाडी पायथ्याशी येऊन उभी राहते, चाक फिरत नाही, आणि तू वरून बादली ओततोस. पाणी एका बाजूला पडतं. ती बाजू एकदम आखडते, खालची बाजू तापलेलीच. भाकरीच्या तव्यावर पाणी पडलं तर तवा कसा तडकतो, वाकडा होतो, तुझ्या आईला विचार. ड्रम बीडाचा, ओतीव लोखंडाचा असतो, तो एकदा तडकला नाही तरी रोज थोडा थोडा वाकडा झाला. गोल होता तो अंड्यासारखा झाला.

आता तो अंड्यासारखा ड्रम फिरतो. उंच भाग आला की पट्ट्याला ढकलतो, पट्टा पॅडलला ढकलतो, पॅडल तुझ्या पायाला. स्टिअरिंगलाही तोच हिसका. वेग जास्त तर हिसके भराभर. म्हणून पन्नासला फडफड, दहाला एक एक.

थरथर आली म्हणून तू पाणी वाढवलंस, पाणी वाढवलंस म्हणून थरथर वाढली, म्हणून अजून पाणी. तू आणखी दोन महिने नवस केला असतास तर गाडी नाचत धुळ्यात आली असती. म्हसोबाला यात घेऊ नको. त्यानं तुला सांभाळलं ते खरंच असेल, असल्या ब्रेकवर घाट उतरत होतास तर कोणीतरी सांभाळलंच.

पुढच्या दोन्ही चाकांचे ड्रम काढ. नंबर टाक, डावा कुठला उजवा कुठला. पोत्यात बांध आणि जळगावच्या एसटीत ड्रायवरच्या हाती दे. इथं मिश्रीलालचं लोखंड कातायचं लेथ शे, ट्रकच्या दिवसांपासून माझं काम तोच करतो. बघून सांगतो. मी म्हणतो म्हणून मानू नको, ड्रम लेथवर चढल्यावर कळेल.

ड्रम येईपर्यंत गाडी उभी राहू दे. आणि हे आईला तूच सांग. मी तिला सांगणार नाही, ती माझ्या भावाची बायको शे, नवसाच्या बाबतीत तिच्याशी मी कधी जिंकलो नाही.

पितांबर


जळगाव, २२ सप्टेंबर १९६९

ड्रम मिळाले असतीलच. तुमच्या स्टँडवरच्या चहावाल्याकडे ठेवलेत, त्याला नाव सांगितलंय.

मिश्रीलालनं ड्रम लेथवर चढवला, मोटार चालू केली आणि आतून खडू टेकवला. मी बाजूला उभा होतो. गोल ड्रमला खडूची रेघ पूर्ण फिरते. तुझ्या डाव्याला दोनच जागी टेकला, मधे कोरडा. उजव्याला एकाच जागी. मिश्रीलाल म्हणाला, "यो तो पापड होग्यो." मी त्याला पाण्याचं सांगितलं, तो म्हणाला मारवाडात पण लोक असंच करतात, फक्त तिथे पाणी कमी म्हणून ड्रम टिकतात.

आतून घासून गोल केलेत. जास्त काढलं नाही, जाडी भरपूर शे. पुन्हा खडू लावला तेव्हा रेघ पूर्ण फिरली. ती रेघ मी मुद्दाम पुसू दिली नाही, तुला दिसावी म्हणून. बसवताना पुसून घे.

पट्टे घासून साफ कर. नट एका बाजूनं आवळत जाऊ नको, समोरासमोर आवळ, थोडे थोडे, नाहीतर गोल ड्रम तूच पुन्हा वाकडा करशील. पहिले दोन दिवस जोरात ब्रेक नको.

आणि तुझ्या हातांचं. ते मांडीवर रिकामे पडलेले असले की एक बोटसुद्धा हलत नाही. अंगठा तर मुळीच नाही. हा विषय आता बंद कर.

पितांबर


धुळे, २९ सप्टेंबर १९६९

ती. नाना यांना साष्टांग नमस्कार.

ड्रम बसवले. पुसण्याआधी खडूची रेघ आईला दाखवली. तिनं बोट फिरवून बघितलं, पूर्ण गोल. मग तिला बादलीचं सांगितलं. तिनं बोटाला लागलेला खडू पदराला पुसला. मला वाटलं, रडेल. मग म्हणाली, "मंग आते म्हसोबाले काय सांगू?" तिनंच विचार केला आणि सांगितलं, "चाकं थंड होऊ दे. तवलोंग आपण चहा पिऊ. म्हसोबा कोठे जास?" आता घाट उतरलो की मी गाडी लिंबाच्या सावलीत लावतो, टपरीवर चहा घेतो, चाकाला हात लावून बघतो, गार झालं की तांब्याभर पाणी घालतो. प्रवासी आधी कुरकुरतात, चहा मिळाला की गप्प बसतात.

तुम्ही म्हणालात तसे दोन दिवस सांभाळून चालवली. तिसऱ्या दिवशी अभिमनला घेऊन आग्रा रोडला गेलो. तो म्हणाला मी नाही बसत या चाळणीत, मग बसला. काटा पंचावन्नवर नेला. सवयीनं स्टिअरिंग घट्ट आवळलं, नाना. ब्रेक दाबला. काही झालं नाही. गाडी खाली बसल्यासारखी हळू झाली आणि स्टिअरिंग माझ्या हातात होतं, एवढंच. मी एक हात काढून घेतला, तरी ते सरळ. अभिमन म्हणाला, "हात का काढतो रे, मारशील का?" मी पुन्हा केलं. चार-पाच वेळा केलं, तो वैतागून मागच्या सीटवर जाऊन बसला.

रिखबचंद शेटांकडे जाऊन आलो. म्हटलं, गाडी देत नाही, आणि इतके दिवस का देत होतो तेही खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, मग घटस्थापनेला गाडी दारात आणा, आम्हाला सगळ्यांना पाटणादेवीला जायचं आहे, चालवायला तुम्हीच या. पुढे सूनबाई बसणार आहेत. म्हणजे त्यांची, ती मनमाडची नव्हे.

आता एक विचारतो. ड्रम घ्यायला चहावाल्याकडे गेलो तर तो म्हणाला, पोतं एसटीच्या ड्रायवरनं आणलं नाही. एक म्हातारे गृहस्थ घेऊन आले होते, धोतर, काळी टोपी, एक पाय जरा सांभाळून टाकत होते. दुपारची वेळ, मी स्टँडवरच विटांवर चढवून ठेवलेल्या गाडीचं दार उघडं टाकून पुढच्या सीटवर बसल्या बसल्या झोपलो होतो. चहावाला म्हणाला, त्यानं मला हाक मारायला तोंड उघडलं तर त्या गृहस्थांनी त्याला गप्प केलं. समोरच्या बाकावर बसले, दोन चहा प्याले, आणि माझ्याकडे बघत राहिले. चेहऱ्याकडे नाही म्हणे, मांडीवरच्या हातांकडे. जळगावची गाडी लागली तेव्हा उठले आणि गेले.

नाना, ते तुम्हीच होतात का? आणि धुळ्यापर्यंत येऊन घरी का आला नाहीत? आई रागावली आहे, तुमच्यासाठी तिनं शेव-भाजी केली असती. मला उठवलं का नाही? आणि तुमच्या आधीच्या पत्रात माझ्या अंगठ्याचं जे लिहिलं आहे, ते तुम्ही तिथे बसून बघितलं होतं का?

तुमचा
लीलाधर


जळगाव, ३ ऑक्टोबर १९६९

ब्रेक ठीक झाला, बरं झालं. नट पुन्हा एकदा आवळून घे, नव्या बसवलेल्या ड्रमचे नट ढिले होतात. पाटणादेवीच्या रस्त्याला खडी फार, वेग कमी ठेव. रिखबचंद शेट सभ्य माणूस दिसतो, त्याला वेळेवर जा.

तुझ्या आईचा तोडगा चांगला शे. मला सुचला नसता.

बाकी, धुळ्याच्या स्टँडवर म्हातारे पुष्कळ बसतात. धोतर बठ्ठे नेसतात, काळी टोपी बठ्ठे घालतात. तो कोण होता, घरी का गेला नाही, तुला का उठवलं नाही आणि काय बघत होता, हे तू विचारलंस. मी सांगणार नाही. पुढच्या पत्रात विचारलंस तरी सांगणार नाही, आणि तुझ्या आईनं विचारलं तरी नाही.

पितांबर